आतलं कोण बघतंय?

वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटर-केसिंग बनतात. तिथून हाकेच्या अंतरावर, कळंबच्या बाजूला, उसाच्या ट्रॅक्टरला टर्बो बसवताना मात्र सगळं धातुशास्त्र ‘दोन ट्रॉल्या ओढतोय ना?’ इथेच संपतं.

टर्बो शिट्टी मारतो, म्हणून त्याचं कौतुक. मग डिझेलपंप वाढवायचा आणि काळा धूर सोडत चढ काढायचा. आत पिस्टन तोच ओतीव, कनेक्टिंग रॉडही कंपनीचाच. “फोर्ज्ड टाका,” असं कुणी सुचवलं की मालक म्हणतो, “आतलं कोण बघतंय?” त्या पैशात चार भोंगे, एलईडीची माळ आणि मागे ‘नादच खुळा’ बसतं.

रिंगच्या दोन टोकांत फट किती ठेवली, असं विचारणारा तर चिकित्सक ठरतो. जादा हवा, जादा डिझेल, म्हणजे जादा उष्णता. रिंग प्रसरण पावते, टोकं एकमेकांना भिडतात, पिस्टनची कड तुटते. तेव्हा दोष डिझेलचा. हेड गॅसकेट गेलं तर दोष मिस्त्रीचा. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, तर दृष्टच लागली म्हणायची. (लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी ताजी, तिथे काटकसर नाही.)

इंजिन उतरवून गॅरेजात ठेवलंय. मालकाची चौकशी सुरू आहे, यंदा टर्बो थोडा मोठा बसेल का?