रिमोटचे सेल : निवड, निगा व न्यायनिवाडा

पारनेरला तांत्रिक माहितीपुस्तिकांची परंपरा जुनी आहे. १८८० साली इथे जन्मलेले सेनापती बापट पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती मिळवून आले होते. त्यापुढे प्रस्तुत विषय किरकोळ वाटेल. परंतु दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातवंडं आलेली असताना ज्याच्या घरात ऐन संध्याकाळी रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीचे सेल उतरलेत, तो असं म्हणणार नाही.

नियम पहिला. गाडी मंदावली की रिमोटवर आळ घेऊ नये. रिमोट नुसता हुकूम सोडतो. मोटर गाडीत असते, करंट ती खाते. सबब ताजे अल्कलाइन सेल गाडीत घालावेत, रिमोटला साधे चालतात. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं, कारण जे हातात असतं त्यालाच माणूस जबाबदार धरतो. सेल उतरल्यावर बटण अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबण्याचाही उपयोग नाही. स्वस्तातल्या रिमोटला चालू आणि बंद एवढंच कळतं, जोर कळत नाही. आमच्या तात्यांना हे सांगून पाहिलं. ते टीव्हीचा रिमोटसुद्धा हात लांब करून, पुढे वाकून दाबतात.

नियम दुसरा. दुकानात नुसते ‘पेन्सिल सेल’ मागितले की ‘मोठे का बारीक?’ असा प्रश्न येतो. घरून झाकण उघडून पाहून निघावे. सेलवर ‘आर ६’ असेल तर तो साधा, ‘एलआर ६’ असेल तर अल्कलाइन. बारीक सेलांत हेच ‘आर ०३’ आणि ‘एलआर ०३’. तात्या खात्रीसाठी जुने सेल खिशात घालून जातात, आणि नवे घेतले की तेही त्याच खिशात. घरी येईपर्यंत कुठला कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. जुना-नवा एकत्र घातला तर जुना आधी रिता होतो, नवा त्याच्यातूनच करंट रेटत राहतो, आणि शेवटी तो जुना पाझरतो. स्प्रिंगवर पांढरी पूड धरते ती इथून. अल्कलाइन सेलची असेल तर कापसाच्या बोळ्यावर लिंबू घेऊन पुसावी, कोरडी करावी.

नियम तिसरा हा तात्यांचा. त्यांच्या मते सेल कधी संपत नसतो, फक्त त्याचा हुद्दा उतरतो. राळेगणसिद्धी ज्या तालुक्यात आहे तिथला माणूस. माथ्यावर पडलेला थेंब पायथ्याला पोचेपर्यंत चार जागी अडवायचा, हे अंगात मुरलेलं. गाडीतून उतरलेला सेल गाडीच्या रिमोटमध्ये, तिथून टीव्हीच्या रिमोटमध्ये, तिथून भिंतीवरच्या घड्याळात. यात शास्त्र आहे, हे नाइलाजाने नोंदवतो : घड्याळाला करंट इतका थोडा लागतो की गाडीने टाकलेल्या सेलवर ते महिनोन्महिने चालतं. चालतं म्हणजे मागे पडत चालतं. आमच्या सुप्याच्या एसट्या कशाने चुकतात ते एव्हाना कळलं असेल.

घड्याळाच्याही खाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यातले सेल तात्या पत्र्यावर उन्हात घालतात. उबेने आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते, पाच-दहा मिनिटं गाडी हलते, आणि तात्या आमच्याकडे बघतात. फुटण्याचा धोकाही त्याच उबेने वाढतो, पण ते ऐकून घ्यायला ते तिथे थांबत नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी सेलवर काट मारलेल्या कचरापेटीचं चित्र आणलं. अर्थ असा की घरच्या कचऱ्यात टाकू नका, गोळा करणाऱ्याकडे द्या. तात्यांनी त्यातलं ‘टाकू नका’ एवढंच उचललं. आता डब्याला सरकारचा पाठिंबा आहे.

नियम चौथा. खेळण्यात बटणासारखा चपटा सेल असेल आणि झाकणाला स्क्रू नसेल, तर ते घरात आणू नये. मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. तडक दवाखाना गाठावा.

नियम पाचवा. सुट्टी संपली की सेल काढून ठेवावेत. तात्या काढतात. मुलांची गाडी वळणाआड गेली की परत घालतात, आणि ‘चालतेत का बघतो’ म्हणत ओट्यावर बराच वेळ खेळण्यातली गाडी पुढे-मागे नेतात. उंबऱ्याला धडकली की ‘रिव्हर्स’ असं स्वतःलाच सांगतात. त्या वेळी जाणाऱ्या करंटचा हिशेब डब्यात कुठेच धरला जात नाही.

नियम सहावा : चार्जिंगचे सेल. जिथे रोज गाडी फिरते तिथे हेच परवडतात. यंदा नातवाने आणले. त्यावर १.२ व्होल्ट छापलेलं तात्यांनी भिंगातून वाचलं. साधा सेल १.५ ला सुरू होऊन घसरत जातो, हा १.२ च्या आसपास बराच वेळ टिकून राहतो. रिमोटला सहसा फरक पडत नाही. हे सगळं समजावून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “दर सेलमागं तीन दशांश कमी दिलंय, मग पैसे कापून घेतले का नाही?”