चालू आहे का?

संगणक चालू आहे का, हे संगणकालाच विचारायची सोय असलेली एक कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. तिचं नाव हायकू. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना 'इज कॉम्प्युटर ऑन' असं एक फंक्शन दिलेलं आहे. यंत्र चालू असेल तर उत्तर येतं एक. बंद असेल तर काय येईल ते सांगता येत नाही, असा खुलासा मूळच्या माहितीत अगदी गंभीरपणे केलेला होता. जोडीला यंत्राला आग लागली आहे का, असं विचारणारंही एक फंक्शन आहे. असल्या कामाला ज्यांनी वेळ काढला, त्यांच्या हाती माझा म्हातारा लॅपटॉप सोपवायला मला जराही भीती वाटली नाही.

हा वात्रटपणा वडिलोपार्जित आहे. ॲपल सोडून ज्याँ-लुई गासे यांनी १९९० साली 'बी' नावाची कंपनी काढली आणि 'बीओएस' ही प्रणाली घडवली. १९९६ मध्ये खुद्द ॲपलच ती विकत घ्यायला आलं होतं. पण देण्याघेण्यावरून लग्न मोडावं तसं झालं. सौदा फिसकटला, ॲपलनं स्टीव्ह जॉब्ज यांची 'नेक्स्ट' घेतली, आणि पुढचा इतिहास खिशाखिशात वाजतो आहे. 'बी' २००१ साली 'पाम'ला १ कोटी १० लाख डॉलरमध्ये गेली.

चाहत्यांनी मात्र त्याच वर्षी सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. बीओएसचा ब्राउझर एखादं पान सापडलं नाही की तीन ओळींची कविता दाखवून दिलगिरी व्यक्त करी. त्या आठवणीखातर २००४ मध्ये नव्या प्रणालीला हायकू हे नाव मिळालं. (शिरीष पैंनी मराठीत रुजवलेल्या हायकूला हे भावंड कसं वाटलं असतं, कोण जाणे.) पहिली बीटा आवृत्ती २०१८ साली आली, पाचवी २०२४ साली, आणि तोवर 'आवृत्ती पहिली' काही निघालेली नव्हती. घाई नसलेली माणसं अजून आहेत तर!

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते. हायकू ३८४ एमबीवर भागवतं, पेंटियम टू सुद्धा चालवून घेतं. माझ्या लॅपटॉपची तर चैनच झाली. पूर्वी बटण दाबून चहा टाकायला जायचो. आता चहा उकळायच्या आत पडदा तयार असतो, त्यामुळे चहाला निमित्त उरलेलं नाही. प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर छोटी पिवळी पट्टी असते, ती शिफ्ट दाबून डावीउजवीकडे सरकवता येते. परवा बायकोनं विचारलं, "एवढं काय काम चाललंय?"

"पट्टी सरकवतोय."

"कशासाठी?"

याला उत्तर नव्हतं. मग पट्टी परत डावीकडे आणली.

भारी ग्राफिक्सचे खेळ इथे चालायचे नाहीत, एखादं वायफाय कार्डही ओळख दाखवत नाही. बँकेच्या व्यवहारांसाठी दुसरं यंत्र ठेवावं. पण चार ओळी लिहायच्या, गाणी ऐकायची, जुने फोटो चाळायचे, एवढ्याला हे पुष्कळ आहे. तेव्हा माळ्यावरचा लॅपटॉप भंगारात देण्याआधी हायकू पेनड्राइव्हवर उतरवून एकदा लावून बघा. सुरुवातीलाच 'नुसतं बघू' की 'बसवू' असं विचारतं. 'नुसतं बघू' म्हणा, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही.