कवाड नसलेली माती

शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, कवाड नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून कुठे एखादी फळी आडवी लावलेली, कुठे पडदा. कडी-कोयंड्याचं नाव नाही. २०११ साली तर युको बँकेनं इथे कुलपाविना शाखा उघडली. गावाचा राखणदार शनिदेवच उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस सोसत उभा; मग गावकऱ्यांनी दारं कोणत्या तोंडानं लावावीत?

भाविकांना यात श्रद्धा दिसते. मला जोडीला एक सोयही दिसते. काळ्या रानात घर बांधलेल्या कुणालाही विचारा, आधी कुरकुरतं ते दार. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, पाया हलतो, भिंतीला तिरकी चीर जाते आणि चौकट अशी वाकडी होते की कवाडाला खांदा द्यावा लागतो. जिथे कवाडच नाही तिथे अडकणार काय? शनिदेवाची कृपा सुतारकामापर्यंत पोचते ती अशी.

मातीचा हा लहरीपणा जुना आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा वाहिला, थिजला आणि आपला काळा पाषाण झाला. पावसाच्या पाण्यात हवेतला कर्बवायू मिसळून ते किंचित आंबट होतं. त्या पाण्यानं पाषाणातली खनिजं हळूहळू पोखरली. कोकणात पाऊस इतका, की धुण्यासारखं सगळं धुऊन गेलं; लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं आणि जांभा झाला. इकडे, शिंगणापूरच्या नगर भागात, पाऊस हात राखून पडतो. त्यामुळे सिलिका, मॅग्नेशियम, चुना जागच्या जागी राहिले आणि त्यांच्यातून स्मेक्टाइट नावाचं चिकणमातीचं खनिज घडलं. उरलेल्या चुन्याचे पांढरे खडे आजही नांगराच्या फाळाला लागतात. दुष्काळी म्हणून आपण ज्या आभाळाला नावं ठेवतो, त्याच्याच कंजूषपणातून ही कसदार माती झाली.

स्मेक्टाइटचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. त्यात पापुद्र्यावर पापुद्रे, आणि मधल्या फटींना, शिंगणापूरच्या रीतीनं, कवाड नाही. पाणी आलं की थेट माजघरात! पापुद्रे एकमेकांपासून सरकतात, माती फुगते. पाणी गेलं की पुन्हा चिकटतात आणि मे महिन्यात रानात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. चिनी मातीच्या भांड्यांत असतं ते केओलिनाइट याच कुळातलं, पण सोवळं. पाण्याला पापुद्र्यांच्या मध्ये घेत नाही, म्हणून फारसं फुगतही नाही.

शेतकऱ्याला ही खनिजशास्त्राची नावं लागत नाहीत. पाऊस उघडला की तो बांधावर उकिडवा बसतो, मूठभर माती दाबून गोळा करतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडतो. गोळा चपटा होऊन बसला तर अजून ओल जास्त आहे. भुसभुशीत फुटला तर वाफसा आला, पाभर काढायला हरकत नाही. इतक्या स्वस्तात निकाल देणारी प्रयोगशाळा राहुरीच्या कृषी विद्यापीठालाही परवडावी.

आख्यायिका सांगते, शनीची शिळा पानसनाल्याच्या पुरात वाहत आली. ती कोणत्या खडकाची, यात मी शिरत नाही. देवाची जात विचारू नये. पण पुराचा कायदा ठरलेला आहे. जड ते आधी टाकायचं, हलकं पुढे न्यायचं. दगड वाटेत थांबतो, वाळू त्याच्यापुढे, आणि चिकणमाती पार तिथवर जाते जिथे पाणी दमून उभं राहतं. इथल्या ओढ्यानाल्यांचं पाणी शेवटी गोदावरीत जातं आणि पैठणच्या नाथसागरात थबकतं. त्या पाण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा कोर्टात भांडतात. सोबत गेलेल्या गाळावर मात्र कुणी हक्क सांगत नाही.

खरं तर मोठं होण्याची संधी त्या गाळालाच आहे. असाच गाळ थरांखाली गाडला जावा, वरच्या भारानं पाणी पिळून निघावं, पापुद्रे आडवे दबावेत, की लाखो वर्षांत त्याचा पंकाश्म होतो. पृथ्वीवरच्या गाळाच्या खडकांत निम्म्याहून अधिक वाटा याच घराण्याचा. म्हणजे दगडाची माती आणि मातीचा पुन्हा दगड, अशी ही साडेसातीहून बरीच लांबलेली फेरी.

पण २०१७ साली सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली. उन्हाळ्यात तळी उघडी पडली की ट्रॅक्टर रांगेनं उतरतात, ट्रॉल्या भरतात आणि दगड व्हायला निघालेली माती पुन्हा रानात आणून पसरतात. पंकाश्म व्हायला लाखो वर्षं लागतात आणि उसाची लागण तोंडावर आलेली असते. नगर जिल्ह्यात या दोघांत कोण जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.