नांगर टाकण्याआधी

पिंपळगाव रेणुकाईतल्या एखाद्याला घरभाड्याचा वीट आला आणि होडीतच बिऱ्हाड थाटावं असं वाटलं, तर त्याने आधी भूगोल पाहावा. मुंबईचा समुद्र सुमारे चारशे किलोमीटरवर आहे आणि गावचं पाणी तिकडे जातच नाही. गावच्या भोकरदन तालुक्याचं पाणी पूर्णेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हणजे जलमार्ग आहे. फक्त खडकपूर्णा, येलदरी, सिद्धेश्वर अशी धरणं आली की होडी डोक्यावर घ्यायची.

त्यापेक्षा शेततळं बरं. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि अनुदान जास्तीत जास्त ५० हजार होतं. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ सुमारे १७ मीटरची. ती या तळ्यात मावली असती, वळली नसती.

आता खरेदी. सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या नौकेवर ४० टक्के जीएसटी आहे, मासेमारीच्या होडीवर ५. शहाण्याने तळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडावं आणि जाळं रस्त्यावरून दिसेल असं वाळत घालावं. पुढचं सीएला विचारावं.

डागडुजीला दरसाल किमतीचा दहावा हिस्सा बाजूला काढावा, असा नौकावाल्यांचा जगभरचा ठोकताळा आहे. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारी समुद्री कीड नसते, तेवढीच बचत. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या काठावर ओढून दुरुस्ती उरकतात. इथलं वेळापत्रक उलटं. होडी उन्हाळ्यात कोरडी पडते आणि पाऊस झालाच तर जूनमध्ये तरंगते.

नांगराबद्दल मात्र गफलत नको. गावात नांगर घरोघरी सापडेल, पण तो जमिनीचा. होडीचा नांगर विकत आणून हौसेने तळ्यात टाकला, की त्याचं टोक तळाच्या ५०० मायक्रॉनच्या प्लॅस्टिकात घुसतं. मग वर्षभराचं पाणी गुपचूप जमिनीत. होडी दोरीने काठावरच्या खुंटीला बांधावी, बैलासारखी.

खरा खर्च पाण्याचाच. वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून जास्त पाणी ऊन उडवू शकतं. त्यात हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. ठिबकवरची उन्हाळी मिरची आणि तरंगणारं बिऱ्हाड, यांत तळ्याचा मालक कुणाला निवडेल हे विचारायची गरज नाही. मोटर सुरू झाली की घर रोज वीतभर खाली जातं, शिडीची एकेक पायरी वाढते. आणि चहूबाजूंनी पाणी असूनही प्यायला वीस लिटरचा जार विकतच आणावा लागतो.

मे महिन्यात होडी तळाला टेकली, तर टँकर मागवू नये. तो आधी गावाला लागतो.