वर्धा रोडचा रणजीपंडित

दिवाळीच्या फराळापासून संक्रांतीच्या तिळगुळापर्यंतच्या काळात वर्धा जिल्ह्यात जो रणजीपंडित पावलोपावली गाठ घालतो, त्याचा परिचय वाचकांना नव्याने करून देण्याचे प्रयोजन नाही. आर्वी नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासून हिंगणघाटच्या जिनिंगसमोर लागलेल्या कापसाच्या गाड्यांच्या रांगेपर्यंत तो सर्वत्र आढळतो आणि त्याच्या तावडीतून सुटण्याचे बहुतेक उपाय आजवर निष्फळ ठरले आहेत. भारतीय संघ जिंकला की हरला याची त्याला फारशी पर्वा नसते, आयपीएल हा शब्द तो लग्नातल्या डीजेविषयी बोलावे तशा सुरात उच्चारतो, आणि त्याची सारी काळजी एकट्या विदर्भ संघासाठी राखीव असते. ही काळजी वर्षभर असतेच, परंतु तिला खरा बहर येतो तो हंगामाच्या मध्यावर.

याचे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. २०२४-२५ पासून रणजी करंडकाची साखळी दोन टप्प्यांत खेळवली जाते, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच सामने होतात, मग मुश्ताक अली आणि विजय हजारे या झटपट स्पर्धांसाठी रणजी थांबते आणि जानेवारीच्या उत्तरार्धात उरलेले दोन सामने होतात. या मधल्या दोन महिन्यांत विदर्भाचा संघ चार दिवसांचा एकही सामना खेळत नसल्याने त्याच्या फॉर्मविषयी बोलायला पंडिताला पूर्ण मोकळीक मिळते. निर्विवाद विजयाचे सहा गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास वरचा एक बोनस गुण, सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला एक, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. एवढ्यावर न थांबता तो कोशंटही काढतो. कोशंट म्हणजे आपण प्रत्येक बळीमागे काढलेल्या धावांना प्रत्येक बळीमागे दिलेल्या धावांनी भागून येणारी संख्या, जी गुण समान झाले तरच उपयोगी पडते आणि म्हणूनच पंडिताला सर्वाधिक प्रिय असते.

तथापि त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा गाभा गणितात नाही, तो वर्धा रोडमध्ये आहे. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मोठे स्टेडियम जामठ्याला आहे, जामठा नागपूरहून बुटीबोरीकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे, आणि त्या महामार्गाला नागपूरकर वर्धा रोड म्हणतात. या तीन निरुपद्रवी तथ्यांतून पंडिताने असा सिद्धांत उभारला आहे की, मैदान वर्ध्याचे असून केवळ महसुली दप्तरात ते नागपूर जिल्ह्यात दाखवले गेले आहे. २००८ साली आंतरराष्ट्रीय सामने सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावरून जामठ्याला गेले, या घटनेचे वर्णन तो ‘नागपूरचं क्रिकेट वर्ध्याकडे सरकलं’ असे करतो. विदर्भाचा एखादा रणजी सामना आजही सिव्हिल लाइन्सवर ठेवला गेला, तर त्याच्या वहीत त्या सामन्यापुढे ‘परमुलखात’ अशी नोंद होते. कोणी नागपूरच्या खेळाडूंचे कौतुक केले की तो शांतपणे विचारतो, “प्रॅक्टिसले पोट्टे कोन्या रोडनं जातात?” हाच रस्ता वर्ध्यात आल्यावर नागपूर रोड होतो, हे त्याच्या निदर्शनास आणून देणारे लोक पुन्हा त्याच्या शेजारी बसत नाहीत.

या सिद्धांताला जिल्ह्यातूनच आव्हान आहे, हे नमूद करणे आवश्यक ठरते. बुटीबोरीला रस्ता फुटतो. एक फाटा केळझर, सेलू, पवनार करीत वर्ध्याला येतो आणि मूळ महामार्ग मात्र सरळ हिंगणघाटकडे जातो. त्यामुळे हिंगणघाटच्या पंडितांचा असा दावा आहे की, महामार्ग ज्या गावाला न वळता पोहोचतो त्याच गावाचे ते मैदान. देवळीच्या एका लग्नात या प्रश्नावर पंगत उठेपर्यंत वाद झाला, आणि अखेर ‘आघाडी कोणाकडे’ हे न ठरल्यामुळे दोन्ही पक्षांनी एकेक गुण वाटून घेतला.

संघ उत्तम खेळत असताना पंडित सर्वाधिक दुःखी असतो, ही त्याची दुसरी खूण होय. २०२४-२५ च्या पूर्वार्धात विदर्भ आपल्या गटात अव्वल होता, हर्ष दुबेचा डावखुरा फिरकी मारा प्रतिस्पर्ध्यांना आवरत नव्हता, यश राठोडच्या धावा थांबत नव्हत्या, आणि नेमक्या त्याच वेळी पंडिताची झोप उडाली होती. दुबेने इतकी षटके टाकली तर फेब्रुवारीत त्याला नवा खांदा कोण देणार, असा त्याचा प्रश्न होता. दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा विक्रम केला, तरी पंडिताने आपला प्रश्न मागे घेतलेला नाही. तो फक्त पुढच्या हंगामावर ढकलला आहे.

या वृत्तीची थट्टा करणे सोपे आहे, पण तिची मुळे जुनी आहेत. विदर्भाने १९५७-५८ मध्ये रणजीत पदार्पण केले आणि पहिला अंतिम सामना गाठायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. मधल्या साठ वर्षांत ज्यांनी नेमाने सकाळच्या वर्तमानपत्रात विदर्भाचा धावफलक शोधला, त्यांना तो बहुधा क्रीडा पानाच्या तळाशी आणि बहुधा पराभवाच्या बातमीसोबत सापडला. अशा माणसाला प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांच्या शिस्तीत तयार झालेल्या, फैज फझलच्या नेतृत्वाखालील संघाने कोलकात्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवून दाखवले, रजनीश गुरबानीने इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली, १ जानेवारी २०१८ रोजी करंडक हाती आला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही गेला, तेव्हा आनंद कसा करावा हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. म्हणून तो आजही या विजयांपेक्षा मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यातील पराभवाविषयी अधिक मायेने बोलतो. वानखेडेवर मुंबईने ५३८ धावांचे अशक्य लक्ष्य दिले असता अक्षय वाडकरने शतक ठोकले आणि विदर्भाने सामना पाचव्या दिवसापर्यंत ओढत नेऊन ३६८ धावा केल्या, हे सांगताना त्याचा आवाज किंचित बदलतो, आणि ऐकणाऱ्यालाही तेवढ्यापुरते घड्याळ पाहणे उचित वाटत नाही.

एवढी निष्ठा असूनही पंडित जामठ्याला जात नाही. रणजी सामन्याला सहसा तिकीट नसते, स्टेडियमच्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात, वर्ध्याहून रस्ताही फार तर तासा-सव्वा तासाचा. पण आपण निघालो की विकेट पडते, अशी त्याची अनुभवसिद्ध धारणा आहे. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी, ऐन महाशिवरात्रीला, केरळविरुद्धचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा या वर्गातील एका ज्येष्ठ प्रतिनिधीने धीर करून एसटी पकडली. बस केळझरला पोहोचेपर्यंत विदर्भाची अवस्था ३ बाद २४ झाली होती. तो उतरला, सिद्धिविनायकाच्या दिशेने हात जोडले आणि समोरून येणाऱ्या बसने वर्ध्याला परतला. त्यानंतर दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली, मालेवारने १५३ पर्यंत मजल मारली आणि विदर्भाने ३७९ धावा उभारल्या. केरळचा डाव ३४२ वर संपला आणि त्या ३७ धावांच्या आघाडीवरच विदर्भाला तिसरा करंडक मिळाला. आयुष्यभर वाट पाहिलेली ती भागीदारी या गृहस्थाने घरच्या पलंगावर, मोबाइलमधील आकडे बदलताना पाहिली, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही. केळझरला उतरलो नसतो तर करंडक त्रिवेंद्रमला गेला असता, असे तो निर्विकारपणे सांगतो.

पाचव्या दिवशी रविवार होता, दुसऱ्या डावात नायरने शतक करून आघाडी केरळच्या आवाक्याबाहेर नेली होती, गल्लीतली पोरे दोन गाड्या करून जामठ्याला निघाली होती आणि काकांसाठी पुढची सीटही राखून ठेवली होती. सामना अनिर्णित राहिला तरी करंडक आपलाच, हे त्यांनी त्याला त्याच्याच वहीतून समजावून सांगितले. तो आला नाही. संध्याकाळी परतलेल्या पोरांनी त्याला छेडले, की आता तर हरण्याचा प्रश्नच नव्हता, मग कशाची भीती होती? त्याने वही उघडून विदर्भाच्या शेवटच्या धावसंख्येवर बोट ठेवले, ९ बाद ३७५.

“नऊ गेलेच होते ना, बाप्पा!”