वय साडेतीन, गृहपाठ चार पानं

मुलाला खोकल्याचं औषध पाजायचं तर आपण बाटलीवरचं लेबल तीनदा वाचतो. वय किती, वजन किती, मात्रा किती. शिकवताना मात्र वय बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

साडेतीन वर्षांच्या पोराच्या दप्तरात चाररेघी वही. पेन्सिल मुठीत आवळलेली, कागद फाटेस्तोवर दाबलेली. ओळीतले शेवटचे तीन 'अ' रेघ सोडून खाली घसरलेले. खाली लाल शेरा : 'अक्षर सुधारा.'

अहो, आधी मनगट तरी तयार होऊ द्या!

जन्मतः मनगटातली आठही हाडं म्हणजे नुसती कूर्चा असते. ती एकेक करून टणक होतात, आणि चौथ्या वर्षी निम्मी तरी व्हायचीच असतात. हात तयार होतो तो माती मळून, मणी ओवून, कणकेचे गोळे करून. पण मातीत खेळलेला तास पालकांना वाया गेलेला वाटतो. भरलेली वही दाखवता येते ना!

आता गणित. एकसारख्या दोन पेल्यांत सारखं दूध घ्या. मुलाच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं दूध उंच, निमुळत्या पेल्यात ओता आणि विचारा, जास्त कशात? चार-पाच वर्षांचं मूल ठामपणे उंच पेल्याकडे बोट दाखवेल. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हा प्रयोग गाजवला. समजावून, ओरडून सहसा फरक पडत नाही. सातव्या वर्षाच्या आसपास तेच मूल म्हणतं, 'तेवढंच तर आहे!'

आणि पेल्यापाशी अडलेल्या या मुलाकडून आपण शंभरपर्यंत आकडे घोकून घेतो. आकडे पाठ होतात. संख्या कळते का?

हे परदेशी खूळ म्हणून झटकू नका. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षण केंद्र उभं केलं. अनुताई वाघ सोबतीला होत्या. पुढे काम कोसबाडला गेलं. साधनं कोणती? बिया, पानं, शंख-शिंपले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची. आज भरमसाट फी मोजून आपण काय विकत घेतो? वर्कशीट.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि तिथं खेळातून शिकणं सांगितलं. कागदावर सगळं ठीक आहे.

थोरल्यांची गत वेगळी नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं सांगितलं. निर्णय चांगलाच. पण दोन पाळ्यांच्या शाळेत पहाटेची पाळी मग कुणाच्या माथी? मोठ्यांच्या! वयात येताना झोपेचं घड्याळ उशिराकडे सरकतं. रात्री लवकर डोळा लागत नाही, सकाळी उघडत नाही. आठवीतला मुलगा पहिल्या तासाला पेंगला की आपण त्याला आळशी ठरवून मोकळे.

शिक्षिकांवर सगळं ढकलू नका. 'अजून लिहायला का शिकवलं नाही?' हा प्रश्न फाटकापाशी पालकच विचारतात, आणि शाळा त्याचं उत्तर वहीत देते.

पुढच्या पालकसभेत वही मागू नका. मूल आज किती वेळ खेळलं आणि त्यानं कोणती गोष्ट ऐकली, एवढंच विचारा. दर महिन्याला विचारा.