सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना: नियम, व्याप्ती आणि क्रमांक

ख्रिस्ती माणसाने सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, हा आदेश नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. राजा भला असावा, निवडून आलेला असावा किंवा आपल्या पक्षाचा असावा, अशी कोणतीही अट तिथे नाही. ज्या पौलाच्या नावे हे पत्र आहे, त्याच्या अखेरच्या काळात रोमच्या गादीवर नीरो होता आणि त्याच्याच राजवटीत पौलाचा शिरच्छेद झाला, असे परंपरा सांगते. लाभार्थ्याची पात्रता तपासण्याची भानगड या योजनेत सुरुवातीपासूनच ठेवलेली नाही. मागायचे असते ते मात्र लोकांसाठी: त्यांना निवांत, शांतपणे जगता यावे. नाव राज्यकर्त्याचे, लाभ प्रजेचा. आजकाल शिधावाटपाच्या पिशवीवर याच्या नेमके उलटे घडते: नाव प्रजेचे, लाभ राज्यकर्त्याचा.

प्रार्थनेला एक मर्यादाही आहे. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने ती लिहून ठेवली. ख्रिस्ती लोक सम्राटासाठी दीर्घायुष्य, शूर सैन्य आणि इमानदार सिनेट मागतात. सम्राटापुढे धूप मात्र जाळत नाहीत. सम्राटांना अर्थातच धुपात जास्त रस होता. ही हौस रोमबरोबर संपली नाही. २०२१ मध्ये पुण्यात औंधला एका कार्यकर्त्याने विद्यमान पंतप्रधानांचे मंदिर उभारले. पुतळा काही दिवसांतच हलवावा लागला. कार्यकर्त्यांची भक्ती नेहमी अशी वेळेत आवरतेच असे नाही.

इंग्रजी अमदानीत अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनापुस्तकात राजाचा नंबर धर्मगुरूंच्याही आधी लागे. त्याला आरोग्य, दीर्घायुष्य आणि शत्रूंवर विजय मिळावा, अशी मागणी असे. गांधीजींचा आश्रम असलेल्या वर्धा जिल्ह्यात हे प्रकरण अवघड होऊन बसले, कारण राजाचे काही शत्रू इथे राहत होते आणि त्यांतले काही ख्रिस्तीच होते. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे कोलंबिया विद्यापीठात शिकलेले हिशेबतज्ज्ञ. साम्राज्य आणि येशूची शिकवण यांचा ताळेबंद जुळत नाही, हे ते हिशेबनिसाच्या थंडपणाने दाखवत. स्वातंत्र्य चळवळीपायी त्यांनी तुरुंगवास भोगला आणि तिथल्या सक्तीच्या निवांतपणात येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. प्रस्तावना गांधीजींची. राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती. गांधीजींचा पत्रव्यवहार सांभाळत. नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणयोजनेचे आर्यनायकम सिलोनचे ख्रिस्ती. सेवाग्राम आश्रमाच्या उघड्या प्रार्थनाभूमीवर गीता, कुराण आणि ख्रिस्ती भजने एकाच बैठकीत होत, आणि बसायला सगळ्यांना सारखीच जमीन.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच इंग्रजांनी चालते व्हावे, असा ठराव केला. त्याच महिन्यात देशभरातील चर्चमधून राजाला विजय आणि दीर्घायुष्य मागितले जात होते. वर्ध्याची मागणी पाच वर्षांत मान्य झाली. दीर्घायुष्याची अर्धवटच राहिली: सहावा जॉर्ज १९५२ मध्ये ५६ व्या वर्षी वारला. अमृत कौर मात्र १९४७ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या आणि तोवर इतरांसाठी प्रार्थना करणारी बाई स्वतःच प्रार्थनेच्या यादीत गेली.

स्वतंत्र भारतात राजाच्या जागी राष्ट्रपती आले. यादी वाढत गेली, तक्रार कोणाची नव्हती. मे २०१८ मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी देशातील वातावरण अशांत असल्याचे नमूद करून, पुढील वर्षीच्या निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर दर शुक्रवारी उपास आणि प्रार्थना करण्याचे पत्र काढले. सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांनी हरकत घेतली. देशासाठी प्रार्थना करणे ही नेहमीचीच प्रथा आहे, असा खुलासा करण्यात आला. प्रार्थनेवर हरकत घेणारा तिची ताकद मान्य करतो. या हिशेबाने त्या आठवड्यात दिल्लीतील सर्वांत भाविक मंडळी कोण होती, हे सांगायला नको.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला काँग्रेसची कार्यकारिणी सेवाग्रामला बसली. जेवणानंतर सोनिया आणि राहुल गांधींनी आपली ताटे स्वतः धुतली, हे कॅमेऱ्यांनी टिपले. आश्रमात ताट धुणे हा रोजचाच रिवाज आहे. रोजच्या ताटांना कॅमेरा मिळत नाही. पुढे १ एप्रिल २०१९ रोजी पंतप्रधानांनी महाराष्ट्रातील प्रचाराचा नारळ वर्ध्यातच फोडला. या जिल्ह्याची ओढ सर्वपक्षीय आहे आणि ती निवडणुकीच्या आगेमागे वाढते.

जिल्ह्यातल्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पाळक मध्यस्थीची प्रार्थना घेतात, तेव्हा राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री अशी नावे एका दमात उरकतात. मग पाऊस, दहावीची मुले आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती असलेली माणसे. इथे मात्र पाळक थांबतात, वॉर्ड विचारतात, मागच्या बाकावरून कोणी तरी नाव दुरुस्त करते. मुख्यमंत्र्यांचे नाव बदलले असल्यास तेही दुरुस्त होते, पण तितक्या काळजीने नव्हे. सगळ्यांसाठी मागणी एकच असते, सद्बुद्धी. आंदोलक हेच मागण्यासाठी कलेक्टर कचेरीपुढे होम करतात, तेव्हा पोलीस येतात. चर्चमध्ये ‘आमेन’ म्हणून काम भागते.

कॅथलिक चर्चने हा विषय क्रमवारीनेच निकालात काढला आहे. गुड फ्रायडेच्या उपासनेत दहा प्रार्थना ठरावीक क्रमाने होतात. आठवी देव न मानणाऱ्यांसाठी, नववी सार्वजनिक पदांवरील व्यक्तींसाठी. दहावी संकटात सापडलेल्यांसाठी, म्हणजे आजारी, भुकेले, कैदी आणि प्रवासी यांच्यासाठी. वर्ध्याचा कापूस पिकवणारा शेतकरी नवव्या प्रार्थनेत कुठेच बसत नाही. तो दहावीत मोडतो.